वरचं स्वयंपाकघर

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि मी मुद्दा विसरते, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळे बरे आहेत. चिमणीचा पुढचा दात पडला. तो तिने अप्पांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय, त्यामुळे अप्पांचा चष्मा सध्या बेघर आहे. तुमचे बंधुराज सिमेंटच्या गोदामात रुळलेत. काम कमीपणाचं वाटतं त्यांना, पण पगार वेळेवर येतो आणि मी त्यावर जास्त बोलत नाही.

आता मुद्दा. आपल्या फाटकावर नगरपालिकेने पिवळी पाटी लावली आहे. आपली वसाहत म्हणे 'एका घरात एकच कुटुंब' अशा प्रकारात मोडते. घरात दोन स्वयंपाकघरं झाली की कायद्याने ती दोन घरं होतात, आणि दोन घरांना इथे परवानगी नाही. वरच्या गॅलरीत आपण शेगडी बसवली, ती कोणीतरी कळवली. बंधुराजांचा संशय समोरच्या दातांच्या डॉक्टरवर आहे. त्यांचा संशय नेहमी त्याच्यावरच असतो.

ही शेगडी का आली, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला तेव्हा अप्पांचे दोन मित्र जेवायला आले होते. बंधुराजांनी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली, आणि अप्पा हसत म्हणाले, "कामावर जाणाऱ्यांपेक्षा घरी बसणाऱ्यांना भूक जास्त लागते, नाही?" गंमत म्हणूनच म्हणाले असतील. तुमचा भाऊ ताट उचलून वर गेला, तो आजतागायत खालच्या टेबलाला बसलेला नाही. खाली शिजवून वर नेलेलंही त्याला चालेना. "त्यांच्या शेगडीवरचं नको," म्हणाला. मग वर शेगडी आली, सिंक आलं, वाफ बाहेर फेकणारा पंखा आला. मी आधी वर स्वयंपाक करते, मग खाली येऊन अप्पांचा करते. दोन स्वयंपाकघरांची मालकीण, आणि हाताखाली एक माणूस नाही!

थट्टा सोडा. ताई, या दोन शेगड्यांवर हे घर टिकून आहे. मधे जिना आहे म्हणून शांतता आहे. वरचं स्वयंपाकघर गेलं तर त्या दोघांना एका टेबलाला बसावं लागेल. तुमच्या भावाचा राग तुम्ही लहानपणी पाहिलाय. तोही त्याच्याबरोबर वाढलाय.

मार्ग एकच आहे. अपील समितीपुढे जाऊन सवलत मागायची. घरातलं वडीलधारं माणूस आणि मुलाचं कुटुंब खरोखरच वेगळे राहत असतील, तर त्या माणसाच्या हयातीपर्यंत दुसरं स्वयंपाकघर ठेवू देतात. आपल्या गल्लीच्या टोकाला एक नकाशे काढणारा बसतो, त्याने कागद तयार केलेत. तो म्हणाला, "काम झाल्यातच जमा आहे. घर आजोबांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनीच उभं राहून एक वाक्य बोलायचं. आम्ही वेगळे राहतो, वेगळे जेवतो. बस, बाकी मी बघतो."

ते एक वाक्य अप्पांच्या तोंडून निघत नाही. कोर्टाच्या दारात पुकारा करण्यात त्यांची हयात गेली. बापलेकांची, भावाभावांची भांडणं तिथे कशी चव्हाट्यावर येतात ते घरी येऊन सांगायचे, आणि वर म्हणायचे, आपल्या घराचा पुकारा कधी होणार नाही. आणि आता फाटकावर ही पाटी. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर आपला कोट वाळत घातला. नगरपालिकेचा माणूस येऊन बजावून गेला की पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे सायकल उभी. मी हसले, तर म्हणाले, "हस तू. तुझं काय जातंय?"

सुनावणी या महिन्याच्या शेवटी आहे. त्यांना तुम्ही दोन ओळी लिहा. तुमचं ऐकतात ते. माझं ऐकतात असं दाखवतात.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
वहिनी


२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. अप्पांचं त्यांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि "पोरगी शहाणी आहे" म्हणून खिशात ठेवलं. सुनावणीला जाताना ते खिशातच होतं.

सवलत मिळाली नाही. महिन्याभरात वरची शेगडी, सिंक, पाइप सगळं काढायचं आहे. झालं काय ते मी सांगते, कारण तुमचा भाऊ वेगळं सांगेल.

सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मला वाटलं होतं पाच-सहा माणसं असतील, तर निम्मी वसाहत जमलेली. दातांचा डॉक्टर होता, शिवणवाली होती, चिमणीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ज्याचं त्याचं काहीतरी काम होतं, पण बसले सगळे शेवटपर्यंत. आमच्या आधी एका बाईंना कुंपणाला लागून दोन कुत्र्यांसाठी खोली बांधायची होती. त्यांना लगेच मिळाली. कुत्र्यांची सोय झाली तेव्हा मला वाटलं, आपलीही होईल.

अप्पांनी इस्त्रीचा कोट घातला होता. बसमध्ये मी त्यांच्याकडून ते वाक्य म्हणून घेतलं. प्रत्येक वेळी नीट म्हणाले. मग दारातल्या माणसाने आपलं आडनाव मोठ्याने पुकारलं. ताई, मी त्यांच्या शेजारीच होते. दुसऱ्यांची आडनावं पुकारण्यात ज्यांची उभी हयात गेली, ते स्वतःचं ऐकून जागचे हलेचनात. मी कोपराने ढोसलं तेव्हा उठले.

समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे औषधांच्या दुकानातल्या त्या उंच बाई. चांगल्या बोलल्या. "आजोबा, एवढंच सांगा. तुम्ही आणि मुलगा वेगळे जेवता ना?"

अप्पांनी मागे वळून त्या सगळ्या खुर्च्यांकडे बघितलं. म्हणाले, "वेगळे? छे हो. आमच्या घरात कधी असं झालं नाही."

नकाशेवाल्याच्या हातातून पेन पडलं. बाई म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. अर्जात तर तसं लिहिलंय." आणि मग अप्पा थांबेचनात. वर फक्त पोरीचं दूध तापतं म्हणाले. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की आम्ही चौघं एका टेबलाला बसतो. सून आधी मला वाढते, मी नको म्हटलं तरी मुलगा माझ्या ताटात भाजी टाकतो. नात मांडीवर चढून माझ्या घासातला घास मागते. मागे लोक हसू लागले, चांगलं हसू. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. खरं सांगते, ताई, मला अप्पांचा भयंकर राग आला होता आणि तरी ते ऐकताना मला त्या घरात राहायला जावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, "भाग्यवान आहात." आणि अर्ज फेटाळला. सगळे एकत्र असताना दुसऱ्या स्वयंपाकघराची गरज काय? त्यांचं काही चुकलं नाही.

तुमचा भाऊ बसमध्ये आमच्यापासून लांब, पुढे जाऊन बसला.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी अप्पा जिन्यात पडले. कपाळाला टाके घातलेत, पण आता बरे आहेत. वय झालं, तोल जातो कधी कधी. काळजी करू नका.

तुमची
वहिनी


२८ मार्च

ताई,

या वेळी नमस्कार-चमत्कार नाहीत. तुम्ही पत्रात एकच प्रश्न विचारलात, अप्पा तर वर कधी जात नाहीत, मग जिन्यात पडले कसे? तीन आठवडे झाले, मी उत्तर दिलं नाही. हे फोनवर बोलता येत नाही, घरात कोणी ना कोणी असतंच. चिमणीच्या शाळेबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

ते वर आले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. कोट अंगातच होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं. एवढ्या लोकांसमोर जीभच वळली नाही. आपण पुन्हा अर्ज करू." तुमचा भाऊ म्हणाला, "खाली जा." अप्पा म्हणाले, "ऐकून तरी घे." त्याने दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले आणि ढकललं.

मी दारात होते. हातात चिमणीचा पेला होता, तो मी आधी नीट खाली ठेवला, मग धावले. असं का केलं ते मला अजून कळत नाही.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? अप्पा म्हणाले, पडलो. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, पडले.

मग शेगडी काढली. पहिले दोन दिवस मी खाली शिजवून ताटं वर नेली. तिसऱ्या दिवशी तो खाली आला, खुर्ची ओढून अप्पांच्या समोर बसला आणि म्हणाला, "चोरासारखं वर बसून का खायचं? सगळ्या गावाला सांगितलंय ना, एकत्र जेवतो म्हणून? मग जेवू." तेव्हापासून रोज जेवतो आम्ही. अप्पांनी सभागृहात सांगितलं होतं ना, मुलगा माझ्या ताटात भाजी टाकतो? टाकतो. ताट भरेपर्यंत टाकतो आणि म्हणतो, "खा. सगळं संपवायचं." अप्पा खातात. गेल्या रविवारी त्यांना उलटी झाली. उठायला लागले तर त्याने मनगट धरून बसवलं. ते मनगट आता सुजून पट्टीत आहे. चिमणी टेबलाशी बसली की हात मांडीखाली घेऊन बसते.

मी मधे पडले नाही असं समजू नका. पडले होते. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

मंगळवारी नगरपालिकेचा तपासनीस आला होता, वरचं स्वयंपाकघर खरंच काढलं का ते बघायला. भला माणूस. अप्पांची पट्टी बघितली, कपाळ बघितलं, आणि पेन खिशात ठेवून हळूच म्हणाला, "आजोबा, घरात सगळं ठीक ना?" मला वाटलं, आता तरी बोलतील. ऐकणारा एकटाच आहे, मागे खुर्च्या नाहीत. अप्पा म्हणाले, "तोल जातो हो माझा. मुलगा होता म्हणून वाचलो. फार जपतो मला." तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याला पाणी हवं का विचारलं.

तुम्ही लिहिलंत, भाऊ तापट आहे, पण मनाने चांगला आहे. असेल. चिमणीला ताप आला की रात्रभर बसतो तो. मी ते विसरलेले नाही. पण ताई, तुमच्या बापाच्या जिवाचं तुम्हाला आता बघावं लागेल. मी रोज बघतेय आणि माझ्याच्याने काही होत नाही.

या आणि अप्पांना घेऊन जा. ते सुखासुखी निघणार नाहीत. लोक म्हणतील मुलाने बाहेर काढलं, या एका गोष्टीची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती आहे. म्हणून तुम्ही फाटकातूनच मोठ्याने बोला. गुडघ्यामुळे घरातलं काही उरकत नाही म्हणा, घरात बघायला कोणी नाही म्हणा, अप्पा तुम्ही आला नाहीत तर माझं कसं होईल, असं रडा. समोरच्या डॉक्टरला ऐकू गेलं पाहिजे. मग ते स्वतःहून पिशवी भरतील, आणि वर मलाच ऐकवतील की पोरीला माझी गरज आहे.

गुरुवारी या. गुरुवारी माल उतरवायला तो बाहेरगावी जातो, रात्रीशिवाय परतत नाही.

परतीची तिकिटं आधीच काढून ठेवा. तुमचं, अप्पांचं, आणि एक अर्धं चिमणीचं. तिचे कपडे मी अप्पांच्या पिशवीत तळाशी घालीन. तिला सांगितलंय की आत्याकडे सुट्टीला जायचंय. किती दिवस, असं तिने विचारलं नाही.

माझं तिकीट काढू नका. घर रिकामं दिसलं तर तो त्याच रात्री तुमच्या दारात येईल. मी असले तर आधी माझ्याशी बोलेल.

उत्तर लिहू नका, या.

तुमची वहिनी