पाठकोऱ्या चिठ्ठीची फजिती

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, खऱ्या साष्टांगाला गुडघे तयार नाहीत). तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा दमा? मी मजेत आहे. मजेत म्हणजे खोली कोरडी आहे, स्टोव्ह पेटतो, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो. चार वर्षांपूर्वी तू जेवताना म्हणालास, मेलेल्यांची कवनं वाचून कुणाचं पोट भरलंय, आणि मी भरल्या ताटावरून उठलो. त्याच मेलेल्यांनी परवा माझी जी फजिती केली ती तुलाच सांगायला हवी, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

आमच्या भाषांतराच्या खोलीत आम्ही तिघं: पंतोजी, ठामराव (ही मी ठेवलेली नावं, तोंडावर नाही) आणि मी. सध्या एका प्राचीन हिब्रू स्तोत्रापाशी गाडं अडलंय. त्यात कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, पण बोलणारा कोण हे कवीनं सांगितलेलंच नाही. पंतोजी म्हणतात माणूस देवाची वाट बघतोय. ठामराव म्हणतात, छे, देवच माणसासाठी खोळंबलाय. ते पंतोजींना पटेना. देवच असा ताटकळत बसला तर भक्तांनी जायचं कुठे? मला आपलं वाटतं की कवीला सगळं कळत होतं आणि त्यानं मुद्दामच दोघांची सोय ठेवली (माझं मत कुणी विचारलं नाही). दोन महिने झाले, दोघांचा अबोला आहे. मधे टेबल हातभर, आणि निरोप माझ्यामार्फत.

आमच्याकडे रीत अशी, की मसुदा पक्का करण्याआधी तो हिब्रूचा गंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचा आणि काय कळलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं. हे काम पुस्तकं शिवणाऱ्या मावशींकडे. दुसरी रीत काटकसरीची: सगळं पाठकोऱ्या कागदावर लिहायचं. तर त्या स्तोत्राच्या चिठ्ठीच्या मागे मी मागच्या महिन्यात तुला पत्र लिहायला घेतलं होतं. चारपाच वाक्यांपुढे गेलं नाही. मंगळवारी सगळे जमले, आणि मी चिठ्ठी उलटी धरली. दुसऱ्या वाक्याला कळलं, पण थांबलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून वाचत गेलो: तू येशील म्हणून मी दाराकडे तोंड करून जेवतो. जिन्यात पाऊल वाजलं की घास थांबतो. राग कशाचा होता ते आठवतं, पण राग सापडत नाही. तू आला नाहीस. मीही आलो नाही.

मग पंतोजी म्हणाले, अखेर जमलं, हा माणूसच. ठामराव म्हणाले, हातातला घास थांबवून इतकी वाट बघतो तो देवच. आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा दोघं थेट एकमेकांशी भांडले. इतिवृत्तात माझं अभिनंदन नोंदवलंय (मी अजून खोडलेलं नाही). मावशींनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "कोण का असेना, पाय मोडलेत का त्याचे? उठून जावं की." नियमाप्रमाणे मी ते शब्दशः लिहून घेतलं. घरी आलो, ताट वाढलं, दाराकडे तोंड केलं, आणि घास उतरेना. फार एकटं वाटलं, दादा.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. माझी छत्री त्या दिवशी तुमच्याकडे राहिली. ती पाठवलीस तर बरं होईल. पत्राचं कारण एवढंच.

ता.क. २. छत्री नको. दुसरी तेव्हाच घेतली.

ता.क. ३. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं नसणार. तुझं लक्ष कधी असतं? हे तुझ्या जिन्यात उभा राहून लिहितोय आणि आता दाराखालून सरकवतोय. तू वाचायला पहिल्यापासून हळू, आणि माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. इथवर आला असशील तर दार उघड.