आत्याला कुठला गट निघाला

४ जानेवारी

नाही नाही म्हणता एकतीस जण जमले! सगळे साठीच्या पुढचे, सगळे वर्षभरात एकदा तरी पडलेले. आता दोन गट करायचे. एकाला जुना व्यायाम — खुर्चीत बसून पाय उचलणं. दुसऱ्याला माझा — मऊ गादीवर, एका पायावर, डोळे मिटून. आठ आठवडे. मग कोण किती सेकंद तोल सांभाळतं ते बघायचं.

पाच वर्षं मी दवाखान्यात ओरडून सांगतेय, माझा व्यायाम सरस आहे. आमचे विभागप्रमुख सर म्हणतात, "सांगणं वेगळं, दाखवणं वेगळं."

बत्तिसावं माणूस हवं. आत्या म्हणाली, "मग मी काय मेले का?"

६ जानेवारी

सरांनी नाक मुरडलं. घरचं माणूस कशाला? शेवटी हो म्हणाले, पण आत्याला घरी व्यायामाबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. सेकंदही मी मोजायचे नाहीत. दुसऱ्या विभागातली बाई मोजणार. कोण कुठल्या गटात हे तिला ठाऊकच नसेल. आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो.

सर असंही म्हणाले, दोन्ही गटांना वेगवेगळ्या वारी बोलवा. मी ऐकलं नाही. वार वेगळा, वेळ वेगळी, मग फरक व्यायामाचा की कशाचा ते कसं कळणार? व्यायाम सोडून बाकी सगळं सारखं हवं! एकच दिवस, दोन खोल्या. सरांनी मान्य केलं. जिंकले!

९ जानेवारी

बंद पाकिटं ढवळून ठेवली. ज्याने त्याने आपलं उचललं. आत्याचं उघडलं — जुना व्यायाम.

नेमकं तिलाच! गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली तेव्हा मीच उचललं होतं तिला. ती मात्र खुशाल. "निघालं ते निघालं. तू का तोंड पाडतेस?"

घड्याळबाईच्या पहिल्या मोजणीत आत्या एका पायावर चार सेकंद.

२ फेब्रुवारी

आत्या जिन्यात अर्ध्यावर थांबली, कठडा घट्ट धरून. अगदी जिभेवर आलं होतं — सोड ती खुर्ची, गादी घे! गिळलं. हिला एकटीला सांगितलं तर उरलेल्या पंधरांनी काय माझं घोडं मारलंय?

३ फेब्रुवारी

तरी वाईट वाटतं. फार.

२० फेब्रुवारी

एकानेही दांडी मारलेली नाही! दोन्ही गट अर्धा तास आधी येतात, बाहेरच्या लांब बाकावर गप्पा ठोकतात. शिपाई वैतागलाय. "मॅडम, दवाखाना आहे की लग्नघर?"

मला बरंच वाटतं. येताहेत ना, झालं.

६ मार्च

आकडे आले.

सुरुवातीला दोन्ही गट सरासरी पाच सेकंदांवर. आता माझा गट चौदा. जुना गट — तेरा!

म्हणजे खुर्चीत बसूनही तेवढंच होतं. सर हळूच म्हणाले, "फरक नाही, हेही उत्तरच असतं." मान हलवली. मग खोलीत जाऊन रडले. पाच वर्षं कुठल्या तोंडाने बोलत होते मी?

आत्या अकरा सेकंदांवर. त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

१० मार्च

अहवाल लिहिला. "नवा व्यायाम जुन्यापेक्षा सरस असल्याचे दिसले नाही." माझ्याच हाताने. उद्या सरांना देणार, आणि दवाखान्यात तो शिकवणं बंद.

११ मार्च

अहवाल घरीच राहिला म्हणून दुपारी परत आले. आत्या स्वयंपाकघरात — घडी केलेल्या गोधडीवर, एका पायावर, डोळे मिटून!

"हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. बाकावर तुझ्या गादीच्या गटातली ती वकीलबाई बसते ना, तिने दाखवलं. आम्ही सोळाच्या सोळा जणं करतो. त्यांच्या गटाला चांगलं काही मिळतंय आणि आम्ही खुर्चीत बसायचं? वा गं वा!"

म्हणजे जुना गट नव्हताच कधी. बत्तीस जणांनी माझाच व्यायाम केला, बत्तीसही सुधारले, आणि मला त्यातलं काहीही सिद्ध करता येत नाही.

खूप ओरडायचं होतं. पण आत्या कशालाही न धरता उभी होती.