आडधार

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पोचले एकदाची लालबागला! दोन बॅगा, एक उशी आणि आईनं जबरदस्तीनं दिलेला शेवयांचा डबा. अकोल्याहून निघताना वाटलं होतं, मुंबईत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. इथं तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि दहा मिनिटांत शेजारच्या कमळाबाई चहा घेऊन हजर. दोनच प्रश्न विचारले. लग्न झालंय का आणि मासे खाते का. अंडं खाते म्हटलं, तर हसल्या. "अंड्याक मासे म्हणत नाय, बाय."

त्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, आता नाही. मुलगा धनेश, एकतीस वर्षांचा, शिवडी बंदरावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला. माझं सामान त्यानंच वर आणलं, पण दोन्ही बॅगा डाव्या हातात. उजवा हात खांद्याच्या वर नीट जात नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. फिजिओथेरपिस्टची खोड! सोमवारपासून परळच्या हॉस्पिटलात रुजू होते. गॅलरीतून समोरच्या टॉवरचे दिवे दिसतायत. मी खूश आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज धनेशचा खांदा तपासला. तीन वर्षांपूर्वी डोंगरावर निखळला होता. हात कपाळापर्यंत येतो आणि तिथं कट्‌कन अडतो, बिजागरीत खडा अडकावा तसा. बोटांखाली तो खडा स्पष्ट लागतो. व्यायाम लिहून दिले. करणार नाही म्हणाला, निदान खरं बोलला.

त्यांचा चार जणांचा ग्रुप आहे. म्होरके दत्तारामकाका, साठीला आलेले, शेजारच्याच चाळीतले. चाळीस वर्षं डोंगर चढतायत. दुसरी तुळसा, वरळी कोळीवाड्याची. पहाटे मासळी विकते आणि महिन्यातला एक रविवार डोंगराला देते. चौथा माणूस पुण्याला गेला, म्हणून जागा रिकामी. धनेशनं मला विचारलं. अकोल्यात मी पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही चढले नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, मग तर येच.

शनिवार, ७ डिसेंबर

दुपारी जीपनं निघालो, दिवस मावळायच्या आत पायथ्याच्या वाडीत. मीराबाईंच्या अंगणात मुक्काम. दत्तारामकाकांनी समोर बोट केलं. मावळतीच्या उजेडात डोंगराच्या माथ्यावर एक काळी रेघ, करवतीसारखी. तिचं नाव आडधार. वर्षातून पाच-सहा जण जात असतील, म्हणाले. दोराची गरज नाही, फक्त हातपाय ताळ्यावर हवेत. मग मला अंगणाच्या दगडी कठड्यावर चढायला लावलं आणि एकच नियम शिकवला. दोन हात, दोन पाय, चारांपैकी तीन कायम खडकाला.

तुळसानं वाळलेल्या बोंबलाची चटणी आणलीय. सगळे गप्पा मारतायत आणि मी पायरीवर बसून हे लिहितेय. उद्याची वाट बघवत नाही.

रविवार, ८ डिसेंबर
घरी, संध्याकाळी सात

सगळे सुखरूप परत आलो. हे आधी लिहून ठेवते.

पहाटे साडेपाचला निघालो. दोन तास कारवीतून चढ, मग घसारा. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. साडेआठला खिंडीत. तिथून धार सुरू. आमच्या चाळीच्या गॅलरीएवढी रुंदी आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही. भीती वाटेल असं वाटलं होतं, पण उलट डोकं अगदी स्वच्छ झालं. कातळ गार होता, दवानं ओलसर. खाच शोधायची, बोटं रुतवायची, पाय चाचपायचा, वजन टाकायचं. एका टप्प्यावर बारा-पंधरा फूट सरळ चढले आणि वर पोचून मोठ्यानं हसले. तुळसा म्हणाली, "ए डॉक्टर, तू तर घोरपड निघालीस!"

दहाच्या सुमारास दरीतून धुकं वर आलं. पुढे खडकाच्या अंगाला एक आडवी पट्टी लागते, वीतभर रुंद, पंधरा पावलांची. खाली नाळ, म्हणजे दोन कातळांमधली खोल घळ. काका गेले, तुळसा गेली, मी गेले. ते दोघं पुढे धुक्यात दिसेनासे झाले. धनेश शेवटी होता. त्याचा उजवा हात वर जात नाही म्हणून मी वळून माझा हात पुढे केला. त्यानं धरला. तेवढ्यात त्याच्या पायाखालचा दगड निघाला.

सगळं वजन माझ्या एका हातावर. तो माझ्याकडे बघत होता. "सीमा, धर," एवढंच म्हणाला. घामानं हात सुटला. तो धुक्यात गेला. ओरडला नाही. दगड मात्र खूप वेळ गडगडत होते.

मीही ओरडले नाही. का, ते सांगता येत नाही. पुढे चालत गेले. दहा मिनिटांनी माथ्यावर काका आणि तुळसा बिस्किटांचा पुडा फोडून बसलेले. मी तोंड उघडलं, आणि काका माझ्या मागे बघत म्हणाले, "ये रे बाबा. किती वेळ?"

धनेश माझ्या मागून येत होता. हसत. खाली एक कपार होती, तिथं अडकलो आणि वळसा घालून आलो, म्हणाला. मी मटकन खाली बसले आणि रडले. तुळसाला वाटलं, उंचीनं घाबरले.

म्हणजे काहीच झालं नाही. झालं असतं, पण झालं नाही. उतरून वाडीत आलो तेव्हा मीराबाईंनी पिठलं-भाकरीची तीनच ताटं मांडली. काकांनी हटकलं, तर गोंधळल्या. धनेश म्हणाला, मला भूक नाही. त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

तुळसानं फोटो पाठवले. एक फोटो दुपारचा आहे, धुकं गेल्यावर समोरच्या सुळक्यावरून काढलेला. त्यात ती आडवी पट्टी पूर्ण दिसते. मोठा करून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला.

पट्टीखाली कपार नाही. वळसा घ्यायला वाटच नाही. कातळ सरळ खाली, झाडांपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीत तुळसाला फोन केला. खाली कुठे थांबायला जागा होती का, विचारलं. ती हसली. म्हणाली, तिथून पडला तर माणूस पाखरू असायला हवा.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज धनेश स्वतःहून आला. खांदा बघतेस ना, म्हणाला. दार उघडं ठेवून त्याला खुर्चीत बसवलं.

हात वर नेला. कपाळापाशी खडा लागायला हवा होता. लागला नाही. हात कानाला टेकला. तिथं प्रत्येकाचा हात थांबतो, हाडच थांबवतं. याचा थांबला नाही. मागे गेला. आणखी मागे. माझ्या हातात काही ताणलं गेलं नाही, काही अडलं नाही. पाण्यात काठी फिरवावी तसा. त्या सांध्याला शेवटच नव्हता. मी हात सोडला आणि मागे सरले. तो माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"झालं ना बरं?" म्हणाला.

तो गेल्यावर बेसिनपाशी खूप वेळ हात धूत राहिले.

आता खरं लिहिते. घामानं हात सुटला नव्हता. त्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून चार वळ आहेत. माझा पाय सरकायला लागला होता. मी त्याची बोटं उलगडली. एकेक. तो बघत असताना.

मी सोडलं त्याला.

रविवार, १५ डिसेंबर

तो शिवडीला गेला होता. कमळाबाई ओट्यापाशी बांगडे साफ करत होत्या. कोपऱ्यात झाकलेलं ताट. आठवडाभर त्या रोज त्याचं ताट वाढतायत आणि रोज तसंच उचलतायत.

मी सांगितलं. सगळं. बोटं उलगडलेलीसुद्धा.

त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. वरही पाहिलं नाही. मला वाटलं, आता ओरडतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माका ठाऊक आसा," म्हणाल्या. "तो दारात इलो तेवाच कळला. आवशीक कळता. निजता, पण श्वासाचो आवाज नाय."

मग मासळी धुतली. हात पुसले. माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पण तो घराक इलो मां? तू आता कोणाक सांगा नको, बाय. माका दुसरो कोण आसा?"

माझे हात त्यांनी ओल्या हातात धरले होते. मी हो म्हटलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

शब्द मोडला. दत्तारामकाकांना हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बोलावून सांगितलं. वाटलं, हसतील.

हसले नाहीत. कप बाजूला सारला. मग म्हणाले, तो माथ्यावर आला तेव्हा त्याच्या बुटांना माती नव्हती. आपल्या तिघांचे चिखलानं भरले होते. पाहिलं होतं आणि विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी जायचं. दोर घेऊन. ते नाळेत उतरणार. खाली काही नसेल तर मला वेड लागलंय, त्याला औषध आहे. असेल तर पोलिसांना कळवायचं आणि त्याला घरी आणायचं. माणूस दरीत पडून राहता कामा नये, एवढंच बोलले. मी जे केलं त्याबद्दल एक शब्द नाही. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी घरी आले. तो गॅलरीत उभा, भिंतीकडे तोंड करून. माझी पावलं ऐकून वळला नाही.

"गुरुवारी नीट जा," म्हणाला.

मी कुणालाच— काकांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना फोन करून विचारलं मी.

गुरुवार, १९ डिसेंबर
आडधार, सकाळी ९.५०

पट्टीच्या अलीकडे बसलेय. कातळात दोन जुने बोल्ट आहेत, त्यांना दोर बांधून काका खाली गेलेत. मीही एका पट्ट्यानं बोल्टला अडकवलेली. नाळेत आवाज पोचत नाही म्हणून शिट्टी. दोन म्हणजे सापडलं. तीन म्हणजे वर येतोय. हात रिकामे आहेत, म्हणून वही काढली. ऊन आहे. सगळं स्वच्छ दिसतंय.

१०.१५

दोन शिट्ट्या.

दोन.

धनेश, माफ— नाही, हे शब्द लिहायचा मला हक्क नाही.

१०.२५

फोनला रेंज आली. तुळसाचा मेसेज. सकाळी लालबागला मासळी द्यायला गेली होती. कमळाबाईंचं दार सताड उघडं, त्या एकट्याच बसलेल्या. धनेश कुठाय विचारलं. डोंगरावर गेला म्हणाल्या.

१०.३०

तीन शिट्ट्या. काका येतायत. दोर ताठ झाला. हलतोय. आवळलेल्या गाठीचा करकर आवाज येतो. या, काका, लवकर या.

धुकं येतंय. आत्ता तर ऊन होतं.

१०.४०

कुणीतरी बोललं. खालून नाही. मागून. धारेवरून.

काकांचा आवाज. अगं मी इकडे, म्हणतायत. वळसा घालून आलो. वाट सापडली.

दिसतायत. धुक्यातून चालत येतायत. हसतायत.

दोर ताठच आहे. माणसाच्या वजनानं ताठ.

मी सांगितलं, तिथंच थांबा. थांबले नाहीत. "सोड तो दोर आता," म्हणाले. "कुणाला धरून बसलीस?"

खालून शिट्टी. तीन. पुन्हा तीन. घाईनं.

हे शेजारी बसलेत. अगदी शेजारी. श्वासाचा आवाज— नाही.

त्यांनी गाठीला हात घातला. सावकाश. एकेक पीळ काढतायत. माझ्याकडे बघत, मी बघतेय ना हे बघत—

नाही. या वेळी नाही.

पहिल्या बोल्टची गाठ सुटली. दुसरी मी धरलीय— पेन ठेवते, दोन्ही हात लाग