बेहरामच्या वाटणीचं घर

यझ्द, इराण
३ मे २०२४

ती. खोदादाददादास मेहेरचा शि. सा. न.

फोन करू नकोस, दीर ऐकतो. पत्र उघडलं तरी भिवंडीच्या शाळेतली आपली मराठी त्याच्या सात पिढ्यांना कळायची नाही.

दीर बेहराम मुसलमान झाला. श्रद्धा वगैरे नाही. इथला कायदा असा, की आपल्यासारख्या झरथुष्टी माणसाच्या वारसांत एक जरी मुसलमान असला, तरी सगळं त्यालाच. सासरे गेले की घर त्याचं. आमचे हे आधीच गेले, त्यांच्या जागी माझ्या लेकीला, परीनला, मिळायचा हिस्साही त्याचाच. परवा जेवताना म्हणाला, वहिनी, सामान बांधायला लागा. दादा, मला त्याला रडवायचंय. कसं ते सुचव.

माया असू दे.
मेहेर

भिवंडी
२९ मे २०२४

चि. मेहेरला अ. उ. आ.

दोघी इकडे या, असंच लिहिणार होतो. पण लग्नानंतर तू इराणी नागरिक झालीस. कचेरीत विचारलं. नव्या नागरिकत्व कायद्यात पारशांना जागा आहे, पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांना. इराण यादीत नाही.

मग निजामपुऱ्यात आपल्या हाशिमभाई लूमवाल्यांकडे गेलो. त्यांनी चहा बाजूला सारला. म्हणाले, घरासाठी कलमा पढलेला आमचा कोण लागतो? उपायही त्यांनीच सांगितला. जिवंतपणी दिलेलं दान वारसांना फिरवता येत नाही, फक्त ताबा खरा द्यावा लागतो. तिथल्या वकिलाला विचार. आणि तोंड बंद ठेव, लहानपणी तुला ते कधी जमलं नाही.

लोभ आहेच.
खोदादाद

यझ्द
१८ जुलै २०२४

ती. दादास शि. सा. न.

वकील तेच म्हणाला. सासऱ्यांनी घर परीनच्या नावे केलं. ताब्यासाठी शहाऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत बाहेर पडला, आठवडाभर शेजारी राहिला. मग परीनने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं.

बेहरामला कागद मीच वाचून दाखवला. सावकाश, दोनदा. काही दिवसांनी तो दारात आला. मला परत घ्या, पुन्हा कमरेला आपली पवित्र दोरी, कुस्ती, बांधा, म्हणून रडला. पण इथे मुसलमान होता येतं, ते सोडता येत नाही. सोडणाऱ्याच्या जिवावर बेततं. कुठला दस्तूर, कुठला धर्मगुरू त्याला कुस्ती बांधेल? आत सासरे प्रार्थना म्हणत होते. मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून सासरे माझ्याशी बोलत नाहीत. गल्लीत आपल्या धर्माची पाचच घरं, त्यांत तरुण पुरुष तो एकटाच होता. अग्यारीत लाकडं आता कोण वाहील, असं परीनने विचारलं. मी वाहीन, म्हटलं. पहिली मोळी काल टाकून आले.

हाशिमभाईंना सलाम. मला वाईट वाटतं का, ते विचारू नकोस. बाकी पूर्वीसारखंच लिहीत जा.

तुझी,
मेहेर