धारची गाडी पूर्ण आली

धार,
दि. ८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
लतिकेचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सर्व खुशाल. तुझा गुडघा आणि सुमंगलावहिनींची शुगर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करते.

फोन सोडून पत्र लिहायला बसले, त्याला कारण आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. व्हॉट्सॅपवर लिहावं तर वहिनी ते स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचून दाखवतात. पत्राचं बरं असतं. तुमचा धवल आणि सूनबाई हिंदी शाळेत शिकलेली, माझं हे गिचमिड मराठी अक्षर त्यांना लागायचं नाही. तेव्हा मी निर्धास्त आहे.

आधी बातमी. तुमच्या देवासात, आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा छंदांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात माझ्या छोट्या रेल्वेला पहिला नंबर मिळाला. पुन्हा लिहिते, म्हणजे चष्मा पुसून वाचशील: पहिला. ढाल एवढी मोठी आहे की घरात ठेवायला जागा सापडेना, शेवटी ह्यांनी ती फ्रिजवर ठेवली. दूधवाल्यापासून सगळ्यांना आत बोलावून दाखवतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर धार स्टेशन बांधायला काढलं तेव्हापासून हे ताट मांडीवर घेऊन जेवतात, आणि आता लोकांना सांगतात की कल्पना मूळ त्यांची होती.

तू काही पाहिलेलं नसणार, म्हणून नीट सांगते. खरी गाडी धारला येईल तेव्हा येईल, रूळ पडताहेत म्हणे. माझ्या टेबलावर ती आली आहे. पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या अक्षरात धार, मागे किल्ला आणि डाव्या हाताला नालछ्याकडची टेकडी, तिच्या पोटातून बोगदा. टेकडीवरच्या खुरासानी चिंचा सुंठेच्या केल्या आहेत. सुंठेचा गड्डा उभा केला की मांडवगडच्या त्या फुगीर खोडाचं झाड आपोआप तयार होतं, वर फक्त काड्या खोचायच्या. मालडबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. बाहेरून गेरू आणि काजळ टूथब्रशने शिंपडलं की वीस वर्षं उन्हापावसात फिरलेला डबा दिसतो, आतून मात्र अजून ‘श्री गजानन प्रसन्न’ वाचता येतं. मी, चित्रकलेच्या मास्तरणीने, जन्मभर मुलींना केळी आणि सुरई काढायला लावली, त्याचं प्रायश्चित्त निवृत्तीनंतर घेते आहे.

सगळ्यात शेवटचा, गार्डचा डबा, धवलच्या लग्नाच्या पत्रिकेचा आहे. कागद उत्तम होता. कापताना मी रागात होते, तरी कड सरळ आली.

आता विषय निघालाच आहे तर बोलते. त्या लग्नात तू व्याह्यांसमोर म्हणालास, “आमच्या लतिकेचं वय साठ, अक्कल सहा. अजून खेळण्यातली गाडी चालवते.” सगळा मांडव हसला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मीही हसले असते. पण तू म्हणावंस? उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे देवासला आलो की रोज मला रुळाकडेच्या चढावर नेऊन बसवणारा तूच. मामा चिडवायचे, की धारच्या पोरांना गाडी बघायलासुद्धा देवासला यावं लागतं. तू पुढे गार्ड होऊन गाडीतूनच निघून गेलास. मी धारमध्ये जन्मले, धारमध्येच दिली गेले, आणि गाडी काही आली नाही. म्हणून मग केली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी न जेवता निघाले, त्यानंतरच्या भाऊबीजा कोरड्या गेल्या. मला फार लागलं होतं, दादा. अजून लागतं.

असो. प्रदर्शनाचं सांगत होते.

शेवटची संध्याकाळ, विसर्जनाच्या आदल्या दिवसाची. त्याच्या एक दिवस आधी एका देवासकराने माझ्या उघड्या डब्यातलं इवलंसं पोतं चिमटीत उचलून सोबत्याला म्हटलं होतं, “भिया, अंदर तो रुई है.” धारच्या मालाला कापूस म्हणाला. मला झोंबलं. मी दुपारी बसून सगळी पोती उसवली आणि त्यांत खरी मोहरी भरली. गाडी देखणी दिसू लागली. जडही झाली, आणि डबे जोडणारे आकडे मी माझ्याच केसांच्या पिनांचे केलेले, ते काही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

हॉल भरला होता. परीक्षक पुढे उभे. मंडळाची ऋजुता, मोठी गोड मुलगी, तिच्याकडे पॅसेंजरचं बटण दिलेलं. मालगाडी फलाटाला लागली की तिने त्याच बोगद्यातून मागून पॅसेंजर दुसऱ्या फलाटाला आणायची, असं ठरलं होतं. मी मालगाडी सोडली. इंजिन टेकडीत शिरलं, चढ चढलं, बोगद्याबाहेर आलं आणि रुबाबात धार स्टेशनात उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला सांगू, मी स्वतःही वाजवल्या.

ऋजुताचा अंगठा बटणावर गेला, आणि मागून, दाराजवळून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “रोको! गाडी पूरी नहीं आई. शेवटचा डबा कुठाय?”

मी पाहिलं. शेवटचा लाल दिवा नव्हताच. पिन उघडली होती, आणि गार्डच्या डब्यासकट मागचे डबे बोगद्यात, अंधारात उभे. पॅसेंजर सुटती तर सगळ्या देवाससमोर टेकडीच्या पोटात माझ्या मेहनतीचा चुराडा झाला असता. ऋजुताने हात असा मागे घेतला, जणू तवा लागला. “काकू, मला तर दिसलंच नाही ना,” म्हणाली. दिसणार कसं? इंजिन आलं की सगळ्यांना गाडी आली असंच वाटतं. मलाही वाटलं, आणि गाडी माझी होती.

मी इंजिन थोडं मागे घेतलं, टेकडीत कोपरापर्यंत हात घालून पिन वाकवली आणि डबे जोडले. आता फक्त बटण दाबायचं होतं. पुन्हा तुटली तर? मी दाराकडे पाहिलं. मास्क लावलेला तो माणूस तिथेच उभा होता. त्याने इंजिनापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत नीट पाहिलं, आणि झेंडी हातात असल्यासारखा हात उंच करून सावकाश हलवला.

मी बटण दाबलं.

दादा, गाडी पूर्ण आली. लाल दिव्यासकट धार स्टेशनात आली. परीक्षक म्हणाले, “बाकी मॉडेलं लोकांनी पाहिली. इथे सारा हॉल शेवटच्या डब्याची वाट बघत होता.” आणि ढाल माझ्या हातात दिली. मी ती घेऊन दाराकडे वळले, तोवर तो माणूस लंगडत दाराबाहेर पडलाही होता.

कोण होता, असं सगळे विचारतात. मी म्हणते, असेल कुणी जाणकार. पण बहिणीपासून लपायला निघालेल्या माणसाने मास्कबरोबर लंगडणंही लपवायला हवं होतं. आणि तो आवाज? रुळाकडेच्या चढावर बसलेली मी इंजिन गेलं की उठायची, तू फ्रॉक धरून खाली बसवायचास. “शेवटचा डबा गेल्याशिवाय गाडी गेली म्हणायचं नाही, लते.” जगात हे मला एकाच माणसाने शिकवलंय. तू आलास. गुडघा धरून आलास, आणि माझी गाडी वाचवलीस. त्या ढालीपेक्षा मला ह्याचाच आनंद जास्त झाला आहे.

आता एकच राहिलं. गार्डच्या डब्यासाठी मी आधीच एक गार्ड करून ठेवला होता, पांढरा शर्ट, नाक तुझं. लग्नाहून परतले त्या दिवशी रागाने तो शिवणाच्या डबीत टाकला. ढाल मिळाली ती त्याच्याशिवायच. काल तो बाहेर काढून पुसला. पण डब्यात मी बसवणार नाही, ते काम माझं नव्हे.

पितृपक्ष लागलाय, ह्या दिवसांत आमंत्रण देऊ नये म्हणतात. म्हणून देत नाही. नुसतं कळवते, की भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे, गुरुवार आहे, बासुंदी होणार आहे, आणि टेबल मोकळं नसल्यामुळे जमिनीवर पाट मांडेन. गुडघ्यासाठी उंच पाट सुताराला सांगितला आहे. मालगाडी फलाटाला उभी आहे. ह्यांनी दोनदा विनवलं, तरी मी चालवली नाही. गार्ड चढल्याशिवाय ती सुटणार नाही.

वहिनींना नमस्कार. धवलला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

लाइन क्लिअर आहे, दादा.

तुझी,
धारची स्टेशनमास्तर
लतिका