शेताभोवतीची तार

सेमारांग, ता. ९ फेब्रुवारी २०१२

चि. सार्डियोस,
अ. उ. आ. तुझ्या कानांना फोनचा उपयोग नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत पत्र लिहिणारी मी एकटीच उरले आहे.

परवा मोरीतून बोक्याएवढा उंदीर वर आला आणि माझ्या टेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, ताटात बसला. तुझे दाजी दिवसभर विजेच्या मोटारी उघडून दुरुस्त करतात, पण उंदीर पाहून स्टुलावर चढले! मग चिकटपाटी लावली. सगळी गल्ली म्हणते, की कोपऱ्यावरच्या मासळीवालीच्या घाणीने हे आले. तिच्याशी बोलणंच टाकलंय सगळ्यांनी, मीसुद्धा.

तुमच्याकडे पुन्हा उंदरांनी भात खाल्लं म्हणे. तुम्ही उंदराला उंदीरही म्हणत नाही, ‘देखणे साहेब’ म्हणता. इतके लाड केल्यावर ते डोक्यावर बसणारच. विष घाल सरळ. लासियेमला आशीर्वाद.
तुझी,
वारसिनीताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. दाजी स्टुलावर चढले हे वाचून लासियेम पोट धरून हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

ताई, तुमच्याकडे उंदीर आला की कुणाची तरी घाण शोधता येते. इथे कुणाला दोष देऊ? साहेब शेताच्या मधूनच खायला लागतात. बांधावरून पाहिलं तर हिरवंगार, आत शिरलं तर अंगणाएवढी जागा साफ, धाटं तिरकी कापलेली. विष घालून पाहिलं. दोन मेले, बाकीचे शहाणे झाले आणि शेजारच्या तुकिरानची सहा बदकं गेली. बिचाऱ्याने भरपाईही मागितली नाही. उलट बिळं खणायला तोच माझ्याबरोबर असतो. तो म्हणतो, तू साहेबांना ‘उंदीर’ म्हणून शिव्या देतोस, म्हणून ते तुझंच जास्त खातात.

हे तिसरं पीक गेलं. लासियेम बाजारातून तांदूळ आणते, तेव्हा पिशवीवर ओढणी टाकून आणते. शेतकऱ्याची बायको ना ती.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
सार्डियो

सेमारांग, ता. ४ मार्च

चि. सार्डियोस,
अ. उ. आ. ओढणीचं वाचलं आणि मी ताटावरून तशीच उठले. उद्याच्या बसने तारेची चार वेटोळी पाठवते आहे. शेताभोवती चिखलापासून वीतभर वर उघडी तार बांधायची आणि घरातली वीज सोडायची. संध्याकाळी चालू, उजाडायच्या आत बंद. सोबत दिवा आहे, तो पेटलेला असेल तोवर तार जिवंत. दाजी आधी नको म्हणत होते, मीच हट्ट केला. माणसाने जवळ जायचं नाही, हे त्यांनी दहादा बजावून सांगितलंय. एकदाचे मरू देत ते साहेब.
तुझी,
ताई

ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रोज सकाळी बादलीभर निघतात. भात पोटरीला आलं आहे! पहाटेची बांग मला ऐकू येत नाही, म्हणून लासियेम हलवून उठवते आणि मी बटण बंद करतो.

तुकिरानला मात्र हे पसंत नाही. त्याचे ओठ मी चाळीस वर्षं वाचतोय. काल म्हणाला, की माझे साहेब आता त्याच्याकडे जेवायला येतात. मी म्हटलं, तूही तार लाव. तर म्हणाला, पाण्याशेजारी वीज बांधायला तुझ्याएवढा मूर्ख लागतो. हसत म्हणाला, पण पानाचा डबा पुढे केला नाही.

दाजींना नमस्कार. आम्हा दोघांची आठवण ठेव.
तुझा,
सार्डियो

ता. ३ जून

ती. वन्संस,
सा. न. वि. वि. हे पत्र मी लिहिते आहे, कारण हे घरी नाहीत.

माझ्या आईला बरं नव्हतं म्हणून मी दोन दिवस माहेरी गेले होते. जाताना यांना दहा वेळा सांगितलं, की पहाटे उठवायला कुणीतरी येईल अशी सोय करा. हे म्हणाले, जाग येईल. आली नाही. उजाडलं, उन्हात दिवा दिसेना. तुकिरान पाटाचं पाणी वळवायला बांधावर आला आणि त्याचा पाय तारेला लागला. लोक आमचं दार बडवत होते, पण यांना काय ऐकू येणार? शेवटी कुणीतरी खिडकीतून आत शिरून बटण बंद केलं. फार उशीर झाला होता.

पोलिसांना यांनी सगळं कबूल केलं. तार कुठली विचारलं, तर बाजारातून आणली म्हणाले. वन्सं, तुम्ही इकडे येऊ नका, आणि कुणापुढे काही बोलू नका. यांचा तसा निरोप आहे.
आपली,
लासियेम

सेमारांग, ता. १० जून

चि. लासियेमस,
अ. उ. आ. तार माझी होती. हे मी कुणाला सांगायचंही नाही, तर मग काय करू, ते तरी कळव.
वारसिनी

ता. १७ मार्च २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आठ महिन्यांनी सुटून गेल्या महिन्यात घरी आलो. तुझी सगळी पत्रं तुरुंगात मिळाली. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

ते पीक चांगलं आलं होतं. लासियेमने एकटीने कापलं. मळणीला गावातलं कुणी आलं नाही.

मला वाटलं होतं, की निदान आता तरी गावात तार दिसणार नाही. आलो त्याच संध्याकाळी बांधावर अकरा दिवे मोजले. ज्यांनी साक्षी दिल्या त्यांच्याही शेतात आहेत. त्यांना तरी काय म्हणू?

काल तुकिरानची बायको सुमिना दारात आली. मी मान वर केली नाही, पण ओठ पाहिल्याशिवाय मला कळत नाही, म्हणून तिने माझी हनुवटी धरून वर केली. म्हणाली, की सगळीकडून हाकललेले उंदीर आता तिच्याच शेतात आहेत. तीन हिस्से पीक गेलं, एक राहिलंय. घरात पुरुष माणूस नाही, आणि तार कशी बांधायची ते तुला नीट येतं, असंही म्हणाली. मी हात जोडले, नको म्हटलं. ती म्हणाली, नको तर मग मुलांना काय घालू, ते सांग.

आज दिवसभर चिखलात उभा राहून तिच्या शेताला तार बांधून दिली. ती खुंट्या हातात देत होती.

माझ्यावर रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा,
सार्डियो