परवापासून बंद

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू येऊन माझ्या कॉम्प्युटरवर कामांची यादी लावून दिलीस, त्याला आज तीन आठवडे झाले. साधी टेक्स्टची फाईल, प्रत्येक कामापुढे एक चांदणी, चांदणीपुढे ‘करायचं’ किंवा ‘झालं’, आणि एक बटण दाबलं की आजच्या दिवसाचा तक्ता समोर हजर. बस डेपोत एकतीस वर्षं मी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या. तेव्हा हे असतं तर माझ्या डोक्यावर केस राहिले असते. तुझ्या मामीचं म्हणणं, ते लग्नातच विरळ होते. असो.

आता तक्रारी ऐक. मुदत टळलेल्या कामांवर तू ‘थकलेली कामं’ असा मथळा दिला आहेस आणि त्याखाली सगळं लालभडक. सकाळी सकाळी ते अंगावर येतं. कामं कशाला थकतील, थकलोय मी. शिवाय तारीख आकड्यांत टाकावी लागते. उद्या, परवा, तेरवा असं माणसासारखं लिहिलं तर त्याला कळायला नको का? आणि ‘करायचं’ व ‘झालं’ यांच्या मधे काहीच नाही. प्लंबरला सांगून पंधरा दिवस झाले, तो रोज येतो म्हणतो. त्याला मी कुठे बसवू?

एवढं मागे लागण्याचं कारणही सांगतो. मामीचं विसरणं वाढलं आहे. गेल्या आठवड्यात गॅस दोनदा चालू राहिला. शेजारणीचं नाव तिला दिवसभर आठवलं नाही आणि त्यावरून ती संध्याकाळी रडली. डॉक्टर म्हणतात, ही सुरुवात आहे, गोळ्या वेळच्या वेळी गेल्या तर बरीच वर्षं घरीच निभेल. आमच्या चिरंजीवांनी मात्र एका वृद्धनिवासाचं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं. मुलगा वाईट नाही, काळजीनेच करतो. पण मला ती घरात हवी आहे. गोळ्या, गॅस, दाराची कडी, सगळं या यादीत नीट बसलं तर ते जमेल असं मला वाटतं. तेव्हा माझ्या तक्रारी हसण्यावारी नेऊ नकोस.

फोन करू नकोस. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे, आणि निरोप मामीकडे दिलास तर तुम्ही दोघीच तासभर बोलत बसाल. त्या कॉम्प्युटरला मी इंटरनेट लावू दिलेलं नाही आणि देणारही नाही. ओळी कागदावर लिहून पाठव, मी बघून टाइप करीन.

आहे ती माया राहू दे.
तुझा मामा


१३ ऑक्टोबर

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. ‘थकलोय मी’ला इतकी हसले की साहेबांनी काचेतून पाहिलं. पुढचं वाचून मात्र डबा तसाच मिटला.

सोबतच्या कागदावर बावीस ओळी आहेत. त्या सेटिंगच्या फाईलमध्ये तळाशी जशाच्या तशा उतरवा. ‘थकलेली कामं’ आता ‘राहून गेलेली’ झाली आहेत आणि त्यांना करडा रंग दिला आहे. प्लंबरसाठी मधे ‘सांगितलंय’ ही पायरी घातली आहे. उद्या, परवा, तेरवा लिहून पुढे गेलात की त्या शब्दाच्या जागी आपोआप तारीख येईल. यादी पुढच्याच कामांची असते, म्हणून सगळं पुढे मोजलं आहे. ‘पासून’, ‘पर्यंत’ जोडून लिहिलंत तरी चालेल. प्रत्येक ओळीखाली ती कोणत्या दिवशी लिहिली याचीही बारीक नोंद पडत जाईल. सकाळच्या तिन्ही गोळ्या मी एकाच ओळीत रोज येतील अशा लावल्या आहेत, म्हणजे तक्त्यात गर्दी नको.

कंस मात्र मोजून टाका. जेवढे उघडले तेवढे मिटले पाहिजेत, नाहीतर एडिटर, म्हणजे ही फाईल उघडणारा प्रोग्राम, रुसेल.

एक विनंती आहे. मामींनाही फाईलमध्ये लिहू द्या. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी लोकांचे निरोप घेतले. त्यांच्यासाठी यादी करायची आणि त्यांनाच लांब बसवायचं, हे मला बरं वाटत नाही. फोनवर येणारं सगळं त्याच ऐकतात, तर त्याच लिहोत.

दोघांनी तब्येतीला जपावं आणि मला मनातून काढू नये.
तुमची भिंगरी


२२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या बावीस ओळी मी एका बैठकीत उतरवल्या आणि एडिटर उघडेचना. दोन दिवस मी सगळं तपासलं, चष्मा बदलून तपासलं, शेवटी हात टेकले. मग मामी पेन्सिल घेऊन बसली. तुझा कागद डावीकडे, छापलेलं पान उजवीकडे, आणि एकेक अक्षर बोटाने धरून वाचत गेली. सतराव्या ओळीत एक कंस मिटलेला नव्हता. मला म्हणाली की तुमच्या बसगाड्या वेळेवर सुटत होत्या तरी कशा?

तेव्हापासून फाईल तिची आणि माझी दोघांची झाली आहे. तिने लिहिलेलं पहिलं काम असं: ‘ह्यांनी रोज सकाळी चालायला जाणे.’ ते रोज येतं. मी ते रोज ‘सांगितलंय’मध्ये सरकवतो. गोळ्या तीच घेते आणि तीच ‘झालं’ करते. गॅस एकदाही चालू राहिला नाही. चिरंजीवांना मी तक्ता छापून दाखवला, तेही जरा निवळले आहेत.

तुझे उपकार मानत नाही, भाचीचे मानायचे नसतात. पत्र धाडत जा.
तुझा मामा


१७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आज थट्टेचं काही लिहिणार नाही. शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळच्या तक्त्यात आलं की पांढरी गोळी आजपासून बंद. डॉक्टरांचा फोन आल्याची मामीनेच बुधवारी केलेली ही नोंद. मी ती गोळ्यांची पट्टी काढून ठेवायला गेलो आणि मोजल्या तर चार गोळ्या जास्त. म्हणजे सोमवार ते गुरुवार तिने पांढरी घेतलीच नव्हती, आणि चारही दिवस ‘सकाळच्या गोळ्या’ पुढे ‘झालं’ लिहिलेलं.

मी विचारलं. ती म्हणाली की डॉक्टरांनी सांगितलं तशीच बंद केली, परवापासून असं स्पष्ट लिहिलंही आहे. मी तिला स्क्रीनसमोर बसवून तारीख दाखवली. चौदा. ती पुन्हा तेच म्हणाली. मग माझा आवाज चढला. कमी ऐकू येणाऱ्याचा आवाज किती चढतो ते त्याला स्वतःला कळत नाही. चिरंजीव आलेले होते, त्यांच्यादेखत मी तिला म्हणालो की तू चार दिवस औषध विसरलीस आणि वर खोटं लिहून ठेवलंस. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, असेल, माझंच चुकलं असेल.

त्या दिवसापासून ती कॉम्प्युटरपाशी येत नाही. फोन वाजला तरी उचलत नाही. मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा गरम करत नाही. चिरंजीव म्हणाले की बाबा, आज गोळी राहिली, उद्या आणखी काही होईल. एक डिसेंबरपासून तिच्यासाठी निवासात खोली सांगून ठेवली आहे. ती ओळ फाईलमध्ये मीच लिहिली.

नेहमीप्रमाणे महिन्याचं पान छापून जोडलं आहे. तुझी यादी चांगली आहे, तिचा काही दोष नाही.

मामा


२० नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दोष यादीचाच आहे आणि यादी मी केली आहे. हे पत्र कुरियरने पाठवते आहे. मामींना चार वेळा फोन केला, उचलला नाही. दादाला, म्हणजे तुमच्या चिरंजीवांना, मात्र फोनवर सगळं सांगितलं आहे. मामींना निवासात न्यायची घाई करू नकोस असं मी त्याला म्हटलं. शनिवारी येऊन तुमच्याशी बोलतो म्हणाला.

तुमचं छापलेलं पान मी समोर ठेवलं आहे. मामींच्या ओळीत चौदा तारीख आहे, पण मामींनी चौदा लिहिलंच नव्हतं. त्यांनी बुधवारी, बारा तारखेला, ‘परवापासून बंद’ असं लिहिलं. गेला तोही परवा आणि येणार तोही परवा, हे मी जन्मापासून बोलत आले आहे आणि मशीनला शिकवताना मला आठवलं नाही. मी त्याला फक्त पुढचा शिकवला. मामींचा परवा म्हणजे सोमवार होता. मशीनने तो शब्द पुसून तिथे शुक्रवार लिहिला, आणि तुम्ही तोच शुक्रवार त्यांना दाखवलात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. फोनमध्ये आलेल्या कॉलची यादी उघडा, दहा तारखेला सोमवारी डॉक्टरांचा नंबर सापडेल. मी दवाखान्यातही विचारलं. तिथल्या बाईंनी वही पाहून सांगितलं की चक्कर येते म्हणून पांढरी गोळी त्या दिवसापासून थांबवायला कळवलं होतं. त्यांना तो फोन लक्षात होता, कारण निरोप घेणाऱ्या आजींनी तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला आणि त्यांचं नावही विचारून घेतलं. चार गोळ्या उरल्या होत्या, आणि चारच उरायला हव्या होत्या. सकाळच्या बाकीच्या दोन त्या रोज घेत होत्या, म्हणून ‘झालं’ लिहीत होत्या. तिन्ही एका ओळीत बसवण्याची हुशारीही माझीच.

सोबत सहा ओळी आहेत. आता ‘परवा’ किंवा ‘तेरवा’ लिहिलं की मशीन थांबून विचारेल, गेलेला की येणारा. इतर कामांनाही तारीख नसेल तर ते आधी विचारेल आणि आपल्या मनाने काही भरणार नाही.

मामा, हे पत्र मामींना वाचून दाखवा, त्यांच्या हातात नुसतं देऊ नका. मला त्यांची क्षमा मागायची आहे आणि ती तुमच्या तोंडून मागितली जावी असं वाटतं. उत्तराची वाट बघते.

तुमचीच,
भिंगरी


३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. चार गोळ्यांपाशी आले आणि त्यांना पुढे वाचवेना, उरलेलं मीच वाचलं. शनिवारी मुलगा आला तेव्हा ह्यांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की त्या दिवशी तुझ्यादेखत मी हिला खोटं पाडलं, तेव्हा ती खरी होती हेही तुझ्यादेखतच सांगायला हवं. मी तसं काही मागितलं नव्हतं. खोली रद्द केली आहे. मुलगा म्हणतो, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मी हो म्हटलं, त्यात त्याचं काही चुकत नाही.

तू स्वतःला फार लावून घेतलंस. सोमवारी फोन ठेवल्याबरोबर मी ह्यांना सांगितलं होतं आणि ह्यांनी मान हलवली होती. ऐकू आलं नाही तरी मान हलवायची त्यांची जुनी सवय आहे. आणि त्यांना सांगितलं हे मीही विसरले, म्हणून तर बुधवारी लिहायला बसले. तेव्हा चुकीत वाटेकरी पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र तुलाच लिहिते, ह्यांना बोलून दाखवली नाही. सोमवारची सकाळ मला लख्ख आठवत होती. दवाखान्यातल्या बाईंचा आवाज, मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं तेही. पण स्क्रीनवर चौदा तारीख बघितली आणि मी ती सकाळ खोटी ठरवून टाकली. पुढचे आठ-दहा दिवस मला जे जे आठवे त्याच्याबद्दल मी मनात म्हणे, हेही झालं नसेल. अगदी आमचं लग्नसुद्धा. विसरण्यापेक्षा ते वाईट होतं गं. आता मी फोन उचलते.

पण मी विसरते, हेही तितकंच खरं आहे. काल तुझ्या मावशीला दोनदा विचारलं की तुझा मुलगा काय करतो. आणखी कधीतरी गोळ्या उरतील आणि तेव्हा चूक खरोखर माझी असेल. मी ह्यांना सांगून ठेवलं आहे की त्या दिवशीही आधी मशीन तपासा, मग दवाखान्यात विचारा, आणि माझीच चूक निघाली तर शेजारी बसून सावकाश सांगा, उभं राहून सांगू नका. ह्यांनी लगेच फाईल उघडली आणि लिहिलं, ‘हिच्या शेजारी बसून सांगणे.’ मशीनने विचारलं, कोणत्या तारखेला. ह्यांनी ती जागा रिकामी सोडली.

येऊन जा लवकर, आणि मामीला विचारत जा.
तुझी मामी